विहीर बंद ठेवायचे दिवस

दिगंबर मेला तेव्हा आमचं बोलणं बंद होतं.

सगळे "गेला" म्हणतात. मी मेला म्हणते. तोंडच तसं आहे माझं.

आज वर्ष झालं.

नवरा माझा. त्याआधी वेंगुर्ल्याच्या शाळेत एका वर्गातले, म्हणून अरे-तुरे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही.

तो आखातात, वाळवंटातल्या तेलाच्या फील्डवर. तिथलं तेल काकवीसारखं दाट, आपणहून वर येत नाही. मग विहिरीतून खाली वाफ सोडायची, तेल तापवून पातळ करायचं आणि काढायचं. ऊब कुठपर्यंत पोचली ते मोजणं हे ह्याचं काम. वायरला तापमापक बांधून खाली सोडायचा आणि आकडे बघत बसायचं.

एकदा सुट्टीवर आला असताना मी विचारलं, "वाफ सोडली की लगेच तेल येता?"

मी काजू फॅक्टरीत सुपरवायझर. म्हणून उलट मलाच प्रश्न.

"तू काजूची बी कुकरातून काढलंस की लगेच फोडतंस?"

"नाय. दिवसभर पसरून ठेवतंव."

"कित्याक?"

"गरम फोडली तर गराचे तुकडे पडतत."

"झाला तर! आमी पण वाफ सोडून विहीर बंद ठेवतंव. वाफेचा पाणी होता, ऊब तेलात जाता. घाई केली तर नुसता गरम पाणी वर येता."

"आणि उशीर झालो तर?"

"ऊब वरच्या दगडात जाता. तेल परत थिजता."

"मगे दिवस किती ठेवूचे?"

"त्याचोच तर पगार देतत माका!"

असा खूश झाला होता स्वतःवर.

मे महिन्यात कायमचा येणार होता. मी पडवीत त्याच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. आणि व्हिडिओ कॉलवर हा बाबा सांगतो, अजून दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट सही केलं.

"माका विचारलंस?"

"घरासाठीच ना गो."

"मगे घराशीच बोल. माका फोन करू नको."

आणि कट केला.

माझा असा भडका उडाला की तो तीन-चार दिवस गप्प बसायचा. मग फोन करून काहीच न झाल्यासारखं विचारायचा, "आज मासे काय गावले?" मला ठाऊक होतं. म्हणून मी वाट बघत राहिले. फॅक्टरीत एप्रनच्या खिशात फोन, दर पाच मिनिटांनी बघायचा.

पाचव्या दिवशी नंबर काढला आणि परत ठेवला. म्हटलं, आधी त्याने करायचा. सही त्याने केली.

सहाव्या दिवशी सकाळी फोन वाजला. त्याचाच नंबर.

मी मुद्दाम दोन रिंग वाजू दिल्या.

"इली काय आठवण?"

पलीकडे तो नव्हता. त्याच्या खोलीतला, कुडाळचा संजू होता.

"वैनी..." एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

झोपेतच हार्ट अटॅक.

नंतर संजू सुट्टीवर आला तेव्हा घरी येऊन गेला. त्या खुर्चीत बसला नाही, उंबऱ्यावर बसला.

"मी रोज विचारायचो वैनी, फोन केलंस काय? तर तो म्हणायचो, आजून दोन दिस. तिचो राग निवळूक व्हयो. घाई केलंय तर नुसता गरम पाणी."

मला हसूच आलं. मग जे रडले, संजू घाबरून पाणी आणायला धावला.

दिगंबर, तिथले लोक म्हणतात, विहिरीचे दिवस तुझे कधी चुकले नाहीत.

माझेच तेवढे चुकले रे. राग दुसऱ्याच दिवशी गेला होता. माझा राग कधी जास्त टिकलाय? शाळेपासून बघतोस ना तू?

आणि मी तरी काय केलं? हातात फोन होता. एक बटण दाबायचं होतं.

खुर्ची अजून पडवीत आहे. दोन वर्षांतलं एक संपलं. वेड्यासारखी मी अजून मोजते.

आज बांगडे गावले. चांगले ताजे. दोनच घेतले, एकटीला किती लागतात.

माका राग नाय हा रे. सुखान जा.