दुसऱ्या दिवशीची सायकल

माझे पती भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. मिलच्या शेडच्या छताखाली काचेची केबिन, आणि तिथवर चढायला उभा लोखंडी जिना. त्या जिन्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. ड्यूटीवरून आले की अंघोळ करून लगेच रुआबांध्याच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळायला जायचे. त्यांना नुसतं घरी बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

एका पावसाळ्यात आमच्या गल्लीत घरोघरी ताप आला. मला आला, मुलीला आला, यांनाही आला. आम्ही दोघी उठलो आणि कामाला लागलो. यांचा ताप उतरला, पण ड्यूटीवर गेले त्या दिवशी अर्ध्या जिन्यावरूनच खाली आले. घरी येऊन पलंगावर बसले आणि म्हणाले, "पाय दुखत नाही. मले पायच नाही असं वाटून राहिलं."

अशक्तपणा असेल म्हणून मी खजूर दिले, दूध दिलं, मटणाचा रस्सा दिला. फरक पडेना. रात्रभर झोपूनही सकाळी उठायचे ते शिणलेलेच. मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त, थायरॉइड, हृदय, डोक्याचा फोटो. सगळं नॉर्मल. एरवी नॉर्मल म्हटलं की माणसाला हायसं वाटतं. मला त्या शब्दाची धास्ती बसली, कारण प्रत्येक रिपोर्टनंतर यांच्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस कमी व्हायचं. खात्यातले लोक म्हणायला लागले, क्रेनवरून उतरायचं आहे म्हणून नाटक चाललं आहे.

घरात सासरे होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. तुमसरजवळच्या खेड्यातून तरुणपणी भिलाईला आलेले, कोक ओव्हनच्या भट्टीपाशी आयुष्य काढलेले. त्यांचा मुलावर जीव होता, पण आजार दिसायला हवा असा त्यांचा हिशोब. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, कावीळ झाली तर डोळे पिवळे दिसतात. हे तर दिसायला धडधाकट.

"पडून पडून आंग जड होते," ते म्हणायचे. "चाल माह्यासंग. रोज थोडं थोडं चालशीन तं जमते."

हेही निमूट जायचे. बापलेक सकाळी मैदानाला फेरी मारून यायचे, आणि त्या दिवशी खरोखर बरं असायचं. जेवायचे, हसायचे. मग दुसऱ्या दिवशी त्यांना पलंगावरून उठवायचं नाही. उजेड सोसायचा नाही, मिक्सरचा आवाज सोसायचा नाही. बोलताना शब्द हरवायचे. एकदा चहा ढवळायला चमचा हवा होता. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ते दे ना, ज्यानं हलवते ते." मी चमचा त्यांच्या हातात दिला.

आमची मुलगी शाळेतून आली की आधी स्वयंपाकघरात डोकावून हळूच विचारायची, "मम्मी, आज पापा अच्छे वाले हैं क्या?" ती घरातही जास्त हिंदीच बोलते. मी मान हलवली की ती त्यांच्या खोलीत जायची, नाहीतर दप्तर ठेवून बाहेर.

शेवटी रायपूरच्या एका डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम, न जाणाऱ्या थकव्याचा आजार. यावर अजून नेमकं औषध नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. त्यांच्याच ओळखीची एक फिजिओथेरपिस्ट याच आजारावर संशोधन करत होती. तिला यांच्यासारखे रुग्ण हवे होते.

ती शेजारच्या दुर्गची मुलगी, बोलायला शांत. घरी आली, खुर्ची ओढून यांच्या पलंगाशी बसली आणि हळू आवाजात विचारू लागली. ताप कसा होता, ताप असतानाही काम केलं का, रात्रपाळीनंतर झोप लागायची का, घरात आणखी कोणाला असं झालंय का. मध्येच ती थांबायची आणि यांना डोळे मिटून पडू द्यायची. असं आजवर कोणी केलं नव्हतं.

मी तिला दाराशी गाठून विचारलं, "हे लवकर ड्यूटीवर गेले म्हणून झालं का? की मीच काही कमी केलं?"

"आपने कुछ नहीं किया, दीदी," ती म्हणाली. पुष्कळदा हे तापानंतरच जडतं, बायकांना जास्त जडतं, आराम न मिळणं, झोप मोडणं याचाही हात असू शकतो. पण त्याच तापातून तुम्ही उठलात आणि ते का उठले नाहीत, हे आज कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. ते कळावं म्हणूनच ती घरोघर फिरत होती. तिच्या त्या 'माहीत नाही'ने मला धीर आला. तोवर सगळ्यांना सगळं माहीत होतं.

तिला एक चाचणी करायची होती. तोंडावर मास्क लावून जागच्या जागी सायकल चालवायची, तीही सलग दोन दिवस. याने त्रास वाढू शकतो, नको असेल तर नाही म्हणा, हे तिने दोनदा सांगितलं. हे म्हणाले, "होऊ दे. कोणी तं पाहीन."

मामाजीही आमच्याबरोबर तिच्या तपासणी केंद्रात निघाले. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिल्या दिवशी यांनी सायकल छान चालवली. घाम आला, दम लागला, पण पाय थांबले नाहीत. मामाजींचा चेहरा उजळला. "पाह्य," ते मला म्हणाले, "हाय ना ताकद? मी काय म्हणत होतो मंग?" मला वाटलं, आता हाही एक नॉर्मल रिपोर्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ऑटोत बसवायला मला खांदा द्यावा लागला. तीच खोली, तीच सायकल. मास्क लावला. पायडल फिरलं, पुन्हा फिरलं, आणि मंद होत गेलं. ते जोर लावत होते, ते कपाळावरच्या शिरेवरून दिसत होतं. पाय ऐकत नव्हते. तिने लगेच थांबवलं, मास्क काढला आणि यांना टेकवून बसवलं. ती यंत्राच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "कल के और आज के शरीर में बहुत फर्क है. ये नाटक से नहीं होता." काल जितकी ताकद काढली ती भरून आलीच नाही, निरोगी माणसाची एका रात्रीत बरीचशी भरून येते, असं तिने आम्हाला समजावलं.

यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामाजी उठले. मला वाटलं बाहेर जातील. ते सायकलपाशी खाली बसले आणि मुलाच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. बूट काढून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "मले काय माहीत, बापू. मी तं तुले चांगल्यासाठीच चालवत होतो."

"माहीत हाय, बाबा," हे म्हणाले.

त्या चाचणीने यांना बराच काळ अंथरुणात पाडलं. मग तिनेच शिकवायला सुरुवात केली, आणि ते आमच्या कल्पनेच्या अगदी उलटं निघालं. रोज थोडं वाढवायचं नाही. थकवा येण्याआधी थांबायचं, बरं वाटत असेल तेव्हा तर नक्कीच थांबायचं. न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आलं. दाढी एका वेळी, अंघोळ दुसऱ्या वेळी. भाजी निवडायची ती पलंगावर बसून. हे सोपं वाटतं, पण व्हॉलीबॉल खेळलेल्या माणसाला अंगात जोर असताना बसून राहणं फार जड जातं. चिडायचे. एकदा नळ दुरुस्त करायला घेतला आणि मामाजींनी हातातला पाना काढून घेतला. "तू बस. मी करून राहिलो ना." आता तेच पहारेकरी झाले होते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने खात्यात बऱ्याच खेपा घातल्यावर यांना क्रेनवरून काढून टूल रूममध्ये जनरल शिफ्टचं बसून करायचं काम मिळालं. मला आनंद झाला, यांना नाही. "वरून सारी मिल दिसे," एवढंच म्हणाले. मी समजूत घातली नाही. ते दुःख खरं होतं.

गेल्या हिवाळ्यात भिलाईतल्याच हुडको कॉलनीत माझ्या चुलत भावाचं लग्न होतं. आम्ही अक्षता टाकल्या आणि जेवणाआधीच निघालो. एक पाहुणे मोठ्यानं म्हणाले, "जावाई तं चांगले तगडे दिसतेत. मंग एवढी काय घाई?"

मामाजी वळले. "आज दिसते तगडा," ते म्हणाले. "उद्या या घरी, मंग सांगा."

त्या पाहुण्यांनी आमच्यासाठी डब्यात जेवण भरून दिलं. घरी येऊन हे झोपले, मी आणि मामाजींनी पुऱ्या गरम करून खाल्ल्या. दुसरा दिवस बरा गेला. सगळेच जातात असं नाही, पण आता असे दिवस येतात.