बियाण्याच्या ढिगाला हात

समजा, तुम्ही खळ्यात बसला आहात. पुढ्यात पांढऱ्या कांद्याची रास आहे आणि ऊन अजून चढलेलं नाही. एक कांदा उचला. मान अंगठ्याने दाबा. जाड आणि ओली लागली तर तो लवकर सडणार, घरच्या खाण्यात टाका. अंगावरून बोट फिरवा. मधे खाच लागली तर तो जोडकांदा, तोही बाजूला. नाकाशी न्या. मग उन्हाकडे धरा आणि मानेच्या जरा खाली पाहा. तिथे लालसर झाक आहे का? असेल तर तो माळेत चालेल, बियाण्यात चालणार नाही. एवढं होईतो दुसरा कांदा हातात आलेला असतो. आता हेच दुपारपर्यंत करा, पाठ न टेकता.

आमच्या वाडीत हे काम राहीकाकी करायची. शेतकी शाळेत प्रतवारी शिकवताना मास्तर म्हणायचे, नजर, बोटं, नाक आणि कंबर, या चारांतलं एक गेलं तरी काम गेलं. मला तेव्हा काकीच आठवायची.

अलिबागच्या आसपास भात निघालं की त्याच जमिनीत कांदा लावतात. होळीच्या सुमाराला तो काढला की खळ्यात बायका बसतात. माळेचे कांदे कोणीही निवडावेत, पण बियाण्याचे एकटीनेच. साऱ्या वाडीचं बियाणं त्या एका ढिगातून जायचं आणि त्या ढिगाला दुसरीचा हात लागायचा नाही. लागला तर बियाणं फुटतं, म्हणजे त्यात भलता रंग शिरतो, असं म्हणत. काकीला ही जागा तिच्या सासूने दिली, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच हंगामात. काका त्याआधीच वारले होते. घरात तिचा शब्द तेव्हापासून चालू लागला.

मी लहानपणापासून तिला बघत आलो. बोटं चालू आणि तोंडही चालू.

"आत्ये, कांदा एवढा उलटासुलटा करून बघतेस," शेजारची बायजा म्हणायची, "माझा नवरा असा बघून दिला असतास तर?"

"बघितला होता गो. मान जाड होती. पण तुझा बाप म्हणाला, चालेल."

सगळं खळं हसायचं.

मग एका वर्षी काकीने बसायची जागा बदलली. उन्हात डोळे दिपतात म्हणाली आणि आंब्याच्या सावलीत सरकली. कांदा उन्हाकडे धरणं बंद झालं. त्याऐवजी ती बोटं जास्त वेळ फिरवू लागली. बायका म्हणाल्या, काकीला आता बघायचीही गरज न्हाय, हातालाच कळतं. काकीलाही ते बरं वाटलं असावं.

त्याच हंगामात एक दिवस तिची सून शकू तिच्या शेजारी माळ वळत बसली होती. काकीने एक कांदा बियाण्याच्या ढिगावर ठेवला, आणि तिला शकूच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. ढिगाच्या अगदी जवळ.

"हात काढ, शकू."

बांगड्या मागे गेल्या. बायजाने दुसरा विषय काढला.

कांद्याच्या बियाण्यातली चूक लगेच दिसत नाही. निवडलेला कांदा पुढच्या थंडीत लावायचा, त्याला फूल येतं, त्यातून बी. ते बी त्याच्या पुढच्या हंगामात पेरलं की मग कांदा. तोवर सगळे ते विसरलेले असतात. साठ सालच्या होळीला वाडीतला कांदा निघाला तेव्हा प्रत्येक वाफ्यात गुलाबी कांदे होते. मुंबईला माल नेणारा गुजराती शेठ माळा हातात घेऊन म्हणाला, "धर्माजी, आ शूं? हा पांढऱ्यात न्हाय चालणार."

धर्माजी म्हणजे काकीचा दीर. तो खळ्यात आला आणि काकीच्या हातात त्या गुलाबी कांद्यांतलाच एक ठेवला.

"वयनी, हा कुठच्या रंगाचा?"

काकीने मान दाबली, अंग चाचपलं. "पांढरा. चांगला हाय."

बायजा हसली. तिला वाटलं, काकी दिराची थट्टा करतेय. मग ती एकटीच हसत होती हे तिच्या लक्षात आलं.

अलिबागच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, जुना. त्या वर्षी वाडीने आपलं बियाणं मोडलं आणि शेजारच्या गावातून बी मागून आणलं. पुढच्या हंगामात धर्माजीने निवडीचं सूप शकूच्या पुढ्यात ठेवलं. शकूने ते आधी सासूच्या पायाला लावलं. काकीने पाय आत घेतले.

सुट्टीत घरी आलो तेव्हा मी तिला समजावलं. शेजारच्या शिवारात लाल कांदा फुलावर असेल तर मधमाश्या पराग इकडे आणतात. चूक तुझीच असेल असं नाही.

"माशीवर नको ढकलू रे," ती म्हणाली. ती पडवीत बसून माळ वळत होती. तेवढं काम बोटांवर होतं. "शकूपण माशीच सांगते. मी विचारलं, त्या दिवशी तुझा हात कशाला आला होता? म्हणते, माशी उडवायला, आत्ये. कांद्यावर माशी कधी बसते? सडल्यावर. बियाण्याच्या ढिगात सडका कांदा मी कधी ठेवला?"

आत शकू भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

काकीने पात चाचपून माळेत पुढचा कांदा गुंफला. मग आवाज खाली आणून म्हणाली,

"तू शिकलास, मला एवढंच सांग. तिला ढिगातला तो लालसर कांदा दिसला होता. मी 'हात काढ' म्हटलं नसतं, तर तिनं तो ढिगातून उचलला असता का रे?"