पाय दुखत नव्हते तेव्हा

साखरेचा आजार आता जन्मभराचा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला त्यांचाच राग आला. सेलूत मी शाळेत शिकवत होते, घर सांभाळत होते, आणि हा माणूस म्हणतो रोज सुई टोचून घ्या! माझी माहेरची देवी काय झोपलीय? मी तिला नवस बोलले, नवरात्रभर अनवाणी चालेन, तू ही साखर घेऊन जा. खरं सांगायचं तर आतून धाकधूक होती. ती ऐकतेय की मी नुसतीच आदळआपट करतेय, काही कळत नव्हतं.

घटस्थापनेपासून चप्पल सोडली. ऑक्टोबरच्या उन्हात डांबर नुसतं तापलेलं. अनवाणी निघालेल्या बाकीच्या बाया ‘आई गं’ करत सावली गाठायच्या, मी मात्र रस्त्याच्या मधून ताठ चालायची. चटका नाही, खडा नाही, काटा नाही. सासूबाईंनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. म्हणाल्या, “देवीनं तुझे पाय हातावर घेतलेत गं बाई.” मला रडूच कोसळलं. वाटलं, ऐकलं तिनं.

ओटीचं सामान घेऊन मी माहेरी निघाले. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा सगळा मुलूख धुमसत होता, एस्टीचा काही भरवसा नसायचा. देवगाव फाट्यावर गाडी थांबली ती थांबलीच. पुढं जिंतूरकडचा रस्ता अडवला होता. आम्ही उतरून लिंबाखाली बसलो. शेजारी एक नऊवारीतली बाई होती, पायात चक्क पुरुषी कॅनव्हासचे बूट. मला हसू आलं.

“ओ ताई, पाय बगा तुमचा. रगत यायलंय.”

टाचेत काच रुतली होती, सोडावॉटरच्या बाटलीची असावी. मी ऐटीत म्हटलं, “देवीचं व्रत आहे, मावशी. मला दुखत नाही.”

तिचा चेहरा एकदम उतरला. “साखर हाय का तुमाला?”

मी पाय आत ओढून घेतला. तिला काय कळायचं ते कळलं. तिनं नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला. डाव्या पायाला दोन बोटंच नव्हती. “मलाबी न्हाई दुखलं. चुलीतला निखारा पायाखाली आला, वास सुटला तवा समजलं. साखरेनं पाय बधिर होतो, माय. दुखत न्हाई तेच लय वाईट.”

मी चिडले. देवीच्या कृपेला ही आजार म्हणते! तोंडाला येईल ते बोलले. ती म्हणाली, “भांडा की, खुशाल भांडा. पर पाय तर धुऊ द्या.” तांब्यातल्या पाण्यानं तिनं जखम धुतली, काच ओढून काढली, धुतलेलं फडकं बांधलं. माझ्याच मांसातून काच निघताना मी बघत होते आणि मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरले.

तेवढ्यात उलट्या दिशेची, परभणीची गाडी सुटायला लागली. “चढा. दवाखाना गाठा.”

“आणि ओटी?” मी माहेरच्या गावाचं नाव सांगितलं.

“रस्ता उघडला की मी भरते. लेकीकडं जायलेय, तिथनं जवळच हाय तुमची देवी.” तिनं पदर पसरला. नवसाची ओटी परक्या बाईला द्यायची? माझे हात सुटेनात. कंडक्टरनं घंटी दिली. मी डोळे मिटले आणि नारळ, खण, तांदूळ सगळं तिच्या पदरात टाकलं.

जखम हाडाजवळ पोचली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी चालला असतात तर पाय काढावा लागला असता.

ती पूर्णेची गंगामावशी, नवरा रेल्वेत. सणावाराचं उरकून पॅसेंजरनं देवीचा अंगारा घेऊन परभणीच्या दवाखान्यात मला शोधत आली आणि मग घरीही येतच राहिली. निळ्या औषधात लघवीचे थेंब उकळून रंगावरून साखर कशी ओळखायची, सुई कशी उकळायची, भाकरी किती खायची, रोज संध्याकाळी तळपायाखाली आरसा कसा धरायचा, सगळं तिनं शिकवलं. मी चुकले की फाडफाड बोलायची. पुढं सेलूतल्या देवीच्या देवळाच्या मंडपात आम्ही साखरवाल्या बाया दर मंगळवारी जमू लागलो. एकमेकींचे पाय बघायचो. देवळाच्या पंचांनी आक्षेप घेतला, ही काय पाय दाखवायची जागा आहे? मी म्हटलं, “देवीचे पाय रोज धुता, पुसता, डोळे भरून बघता. आमचे बघितले तर काय बिघडलं?” मंडप आम्ही सोडला नाही.

लोक म्हणतात, फाट्यावर देवीच आली होती. मी म्हणते, तिला देवी करून मोकळे होऊ नका! तिची बोटं गेली, कारण त्या वेळी तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. देवीचे उपकार मी मानते, रोज मानते. गंगामावशीला तिनंच माझ्या शेजारी बसवलं. साखर काही तिनं नेली नाही. सुई मी रोज घेते, देवीचं नाव घेऊन घेते. तिच्यावर सोडून देणं म्हणजे डोळे मिटून चालणं, असं मला वाटायचं. आता तिनं दिलेले पाय डोळे उघडून सांभाळते.

परवा मंडपात एक तरणी सून आली. अनवाणी. हरखून सांगत होती, “निखाऱ्यावर चालले तरी दुखणार न्हाई बाई, देवीचं देणं हाय.”

मी खाली बसले आणि तिच्या पायाला हात घातला. तिनं झटकन पाय लुगड्यात ओढला. “अगं बया! तुमी थोरल्या. माझ्या पायाला शिवता? पाप लागंल मला.”

“लागू दे,” मी म्हटलं. “पाय इकडं आण.”