बाईची अट आणि गवताची टाकी

आमच्या घरात आईला बाई म्हणतात. काचेची टाकी आणायचं मी काढलं, तेव्हा बाईने एकच अट घातली: आत जीव नको. जैनाच्या घरात मासे कोंडून ठेवायचे नाहीत. मी म्हणालो, नुसतं पाण्याखालचं गवत लावतो. "गवतातही जीव असतोच," ती म्हणाली, "पण तेवढं चालवून घेते." अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणारी बाई. एवढी सूट तिने मी मागितली म्हणून दिली.

पारोळ्यात आमचं कापडाचं दुकान आहे, वर घर. या गवताला चांगलं वाढायला कार्बन डायऑक्साइड लागतो हे मी मोबाइलवर पाहून शिकलो आणि छोटा सिलिंडर घेतला. तो भरून मिळाला धुळ्याला, आग विझवायचे सिलिंडर भरतात त्या दुकानात.

"काय भाऊ, मासास्ले सोडा पाजतस का?" भरणाऱ्याने विचारलं.

"मासे नाहीत. गवताला."

"गवतले? बठ्ठं वावर सोडीसन डबामा गवत!" अख्खं शेत सोडून डब्यात गवत लावणारा म्हणून त्याने शेजारच्या दुकानदारालाही हाक मारून मला दाखवलं.

घरी येऊन रेग्युलेटर बसवला. जोडांना साबणाचं पाणी लावून गळती पाहिली. नळी टाकीत सोडली. बारीक चावीने सेकंदाला साधारण एक बुडबुडा ठेवायचा होता. काचेला आतून एक छोटी कुपी चिकटवली. तिच्यातलं रंग बदलणारं औषधी पाणी हिरवं असेल तर गॅस बरोबर, पिवळं झालं तर जास्त. गवत खरंच तरारलं. संध्याकाळी सामायिक, म्हणजे तिची ध्यानाची बैठक, झालं की बाई टाकीसमोर बसू लागली.

मग मला गोगलगायी दिसल्या. विकतच्या गवताला अंडी चिकटून आली असावीत. तांदळाएवढ्या होत्या, वाळूलगत फिरायच्या. बाईची नजर अधू, तिला दिसल्या नाहीत. मी काही बोललो नाही. काढून टाकाव्यात तर हत्या, ठेवाव्यात तर दिलेला शब्द मोडतो. वेगळ्या भांड्यात काढता आल्या असत्या. ते सुचलं नाही असं मी स्वतःला सांगून पाहिलं, पण सुचलं होतं. बाईला कळलं असतं, म्हणून केलं नाही.

गॅस जास्त झाला तर गोगलगायी टिकत नाहीत, हेही मी वाचलं होतं. एका दुपारी गवत मंद वाढतंय असं म्हणत मी चावी थोडी जास्त फिरवली आणि खाली दुकानात गेलो.

संध्याकाळी वर आलो तेव्हा कुपी पिवळी झाली होती. गोगलगायी पाणी सोडून वरच्या कोरड्या काचेला चिकटल्या होत्या, नेमक्या बाईच्या डोळ्यांसमोर. काही वाळूवर निपचित होत्या.

"या शंखासारख्या," बाई म्हणाली. "बेइंद्रिय, दोन इंद्रियांचे जीव. कुठून आल्या?"

"गवताबरोबर. गॅस जास्त झाला, बाई."

"चुकून?"

हो म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. माझ्या तोंडून निघालं, "अर्धं चुकून."

"गिऱ्हाइकाचं कापड अर्धं चुकून कापतोस का रे?"

मी चावी बंद केली, अर्धं पाणी बदललं. मग तिला सगळं सांगितलं, चावी फिरवताना मनात काय होतं तेही. ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. काचेवरच्या हळूहळू पाण्यात उतरल्या. वाळूवरच्या हलल्या नाहीत.

"आता राहतील त्या राहू दे," ती म्हणाली. "त्यांना जपायचं काम तुझं."

मी पुन्हा मंद गॅस सुरू केला. गोगलगायी आता पुष्कळ आहेत.

त्या वर्षी संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागताना मी सवयीने "जाणता-अजाणता" म्हणू लागलो. बाई समोर बसली होती. पहिल्या शब्दावर थांबलो, दुसरा म्हटला नाही. "मिच्छामि दुक्कडम्" म्हणून हात जोडले. तिनेही जोडले. मग ती टाकीसमोर जाऊन बसली.