चष्मा पुसून बोलणारा

आमच्या कारखान्यात मशीन बसवायला नॉर्वेहून एक माणूस आला होता. काही बोलायचं असलं की आधी चष्मा पुसायचा. एकदा उस्मानपुऱ्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चामुळं आमची जीप अडकली. ‘एका नावासाठी केवढा खटाटोप,’ मी त्याला शहाण्यासारखं इंग्रजीत सांगितलं.

त्यानं चष्मा पुसला. ‘आमचं डोंगरांमधलं, खाडीकाठचं छोटं गाव. आसपासच्या गावांचा कारभार आमच्या कचेरीतून चालायचा. कचेरी दुसऱ्या गावी हलली आणि कागदोपत्री आमच्या गावाचं नावही गेलं, त्या गावाचं आलं. आई मात्र पत्ता लिहिताना अजून जुनंच नाव घालते.’

मी ते ड्रायव्हरला मराठीत सांगितलं. ‘गोऱ्याला बी कळतंय बघा, साहेब,’ तो म्हणाला.

मी मांडीवरची पाटी हळूच पालथी केली. माझ्या घराच्या दारावरची होती. नावापुढं ‘बी.ई.’ घालायचं राहिलं म्हणून रंगाऱ्याकडं परत चालली होती.