रापणीची दोरी मला दिसली नाही

वाचक मंडळातल्या मित्रांनो,

हे वाचनालयाच्या फलकावर लावावं की नाही, याचा दुपारभर विचार केला.

आज सकाळी नेहमीप्रमाणे किनाऱ्यावर धावत होतो. रापणीचं जाळं ओढणं चालू होतं. त्याची दोरी वाळूवरून आडवी गेली होती. तिच्यात पाय अडकून मी तोंडावर पडलो.

"मास्तरानु, दोरी दिसाक नाय? मनगटाएवढी आसा ती," ओढणाऱ्यांतला एकजण म्हणाला.

"रात्रभर पुस्तकां वाचतत, दिसतला खंयसून?" त्याची बायको म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

तिथून तसाच दवाखान्यात गेलो. काही महिने वाचताना ओळीचा शेवट निसटत होता आणि मी कंदिलाला दोष देत होतो. डॉक्टर म्हणाले, बाजूची नजर गेली आहे, ती परत येत नाही. उरलेलीही जाईल, औषधाने फार तर सावकाश. धावणं आजपासून बंद.

पुस्तकांमुळे हे झालेलं नाही, असंही ते म्हणाले. त्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

घरी न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग आहे, आणि पुन्हा वाचायची म्हणून ठेवलेल्यांचा त्याहून मोठा. दोन्ही वाचून होतील एवढी नजर आता उरणार नाही. तुम्ही असता, तर कोणता सोडला असता?