सिस्टरबाईंना वाचून दाखवलेलं स्तोत्र

ये, अशी जवळ बस. उंबऱ्यात काहून टेकलीस, पाव्हणी हाईस का? दिवाळीला येते म्हणालीस अन् उगवलीस होळीला. मावशी काय जत्रेतली हाय का, वर्षातून एकदा बघायला?

मघाशी विचारलंस ना, त्या चर्चवाल्या सिस्टर लोकांकडं संध्याकाळच्या प्रार्थनेला मी काहून जायची? तर ऐक.

सेनगावच्या बाहेर त्यांचा लहानसा दवाखाना होता. थोरल्या सिस्टरबाई केरळच्या, पण आमच्यात राहून बोली पार आमच्यावाणी झालेली. तुझ्या मावसबहिणीचं अडलेलं बाळंतपण त्यांनीच सोडवलं. पुढं त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं अन् वाचायची मनाई झाली. मी नंबर लागेस्तोवर दवाखान्यात बसून पेपर मोठ्यानं वाचायची. ते ऐकून एक दिवस म्हणाल्या, "ताई, संध्याकाळी येऊन एक स्तोत्र वाचतीस का? आमच्या शिकाऊ सिस्टर पोरी नव्या हायेत. मराठी वाचतात म्हणजे खडीवरून बैलगाडी जाती."

मी शाळेचं तोंड न पाहिलेली, लेकरांच्या पुस्तकातून अक्षर उचललेली. अन् मला वाचायचं बोलावणं! जिनं माझी लेक वाचवली, तिच्यासाठी एवढं तरी बराबर झालं पायजे, असं मनात घेतलं.

तुझे काका म्हणाले, "जा, पण भजनातल्यासारखा गळा काढू नको. तिथं पेशंट निजलेले असतात."

प्रार्थनेच्या खोलीत समोरासमोर दोन बाकं. आधीची स्तोत्रं सगळ्यांनी म्हणायची, एक ओवी या बाकानं, पुढची त्या बाकानं. शेवटचं मी एकटीनं वाचायचं. माझ्या हातात पुस्तक दिलं अन् सुरू झालं. समोरच्या पोरींनी अर्धी ओवी म्हणली अन् एकदम गप्प!

आता आपल्या भजनात कुणी मधीच थांबलं म्हणजे विसरलं. मागच्यांनी उचलून धरायचं, न्हाई तर अब्रू जाती. मी उरलेली अर्धी ओवी खणखणीत म्हणून टाकली. पोरी दचकल्या. पुढच्या ओवीला पुन्हा थांबल्या, मी पुन्हा उचललं. मनात म्हणलं, काय गं बाई, पुस्तक हातात असून विसरतात! सिस्टरबाईंचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, गहिवरून आलं. मी अजून वरची पट्टी धरली.

तर त्या खो खो हसून राहिल्या होत्या!

"अगं ताई, विसरल्या न्हाईत त्या. तिथं थांबायचंच असतं."

"काहून?"

"आपणच बोलत राहिलो तर देवानं कधी बोलावं?"

माझं तोंड एवढंसं झालं. वाटलं, आता वाचायचं राहिलं, घरी जा म्हणतील. पण त्यांनी डोळे मिटले अन् म्हणाल्या, "हं, आता तुझं स्तोत्र वाच."

मी अर्धी ओवी वाचली अन् थांबले. थांबले ती थांबलेच. म्हणलं, देवाला घाई नको. आतल्या घरात कुकरची शिट्टी झाली, तरी मी आपली गप्प. शेवटी समोरच्या एका पोरीला दया आली, तिनं हळूच पुढचा शब्द सांगितला.

सिस्टरबाईंनी डोळे न उघडता तिला दटावलं, "बोलू नको गं! आत्ता कुठं ही बाई गप्प बसलीय."

स्तोत्र संपेस्तोवर भात गार झाला. निघताना त्यांनी माझा हात धरला. "उद्या बी येशील ना?"

तेव्हापासून जात राहिले बघ. अन् आता तुला म्हणते, चाललीस तर जा, पण लवकर ये. वाट बघताना मला इतकं गप्प बसवत न्हाई.